रजिस्टरातला ख्रिस्ती

ख्रिस्ती होण्यासाठी गुंडाला काहीच करावं लागलं नव्हतं. बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा कडेवर होता. त्याच्याही डोक्यावर पाणी पडलं आणि नाव रजिस्टरात चढलं. तासगावच्या बाजूला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं तो जखमा धुऊन पट्ट्या बांधायचा आणि रविवारी मिशनच्या देवळात सगळ्यांच्या वर आवाज काढून गायचा. शत्रूवर प्रेम करा, असं तो रोग्यांना ऐकवायचा. सांगायला काय जातं? तोवर त्याला शत्रूच नव्हता.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तो मिळाला. गुंडाच्या बायकोनं, राहीबाईनं, हंबीररावाच्या विहिरीवर पोहऱ्याला हात लावला. विहीर बाटली म्हणून हंबीररावानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचं मनगट फोडलं. हाड कातडीबाहेर आलं. गावात कुणी ब्र काढला नाही. पण त्या दिवसांत प्रतिसरकारची भूमिगत पोरं गावोगाव न्याय करत होती. त्यांनी भर दुपारी हंबीररावाला ओढ्यात उताणा पाडला, पाय बाभळीच्या फांदीला बांधले आणि वेळूची काठी गुंडाच्या हातात दिली. तळव्यांवर दहा फटके, आणि ज्याचं दुखलं त्यानंच मारायचे.

पहिला फटका राहीबाईसाठी होता. दुसऱ्यापासून गुंडाला गोडी लागली. कातडी फाटली, रक्त त्याच्या तोंडावर उडालं, तरी हात थांबेना. दहा कधीच होऊन गेले होते. शेवटी पोरांनीच त्याला मागं ओढलं, तेव्हा हा हसत होता. ते हसू त्याला स्वतःलाच ऐकू आलं, आणि मग त्यानं काठी ओढ्यात फेकून दिली.

रविवारी प्रभुभोजनाचं ताट त्याच्यापुढं आलं. त्यानं ते तसंच पुढं सरकवलं. पाद्रीसाहेब भला माणूस. त्यांनी बाजूला घेऊन समजावलं की पाप कबूल केलंस, क्षमा झाली, शिवाय तुझा बाप्तिस्मा झालेला आहे, रजिस्टरात नाव आहे.

"त्यो माज्या बापानं ठरवला, साहेब," गुंडा म्हणाला. "मी अजून ख्रिस्ती व्हायचा हाय."

हंबीरराव घरातच पडून होता. दवाखान्यात जावं तर पोलीस विचारणार, आणि पोलिसांशी बोलावं तर भूमिगत पोरं पुन्हा येणार. पाय सडू लागला. सोमवारी गुंडा पट्ट्या घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. हंबीररावाच्या मुलांनी त्याला लाथांनी तुडवला, दोन दात पाडले. त्यानं हात उचलला नाही. मंगळवारी तो परत गेला, परत मार खाल्ला. राहीबाईनं लुळा हात पुढं धरून विचारलं, ह्याचं काय? त्याला लाज वाटली, तरी त्यानं उद्याच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. बुधवारी वासानं मुलंच हैराण झाली होती. त्यांनी त्याला आत घेतलं.

गुंडानं चिमट्यानं अळ्या काढल्या. जखम उघडी, मऊ, अंगठ्याखाली. नुसता दाबला असता तरी हंबीरराव गुरासारखा ओरडला असता. राहीबाईचं हाड डोळ्यांपुढं आलं आणि अंगठा खरोखरच खाली गेला, जखमेला टेकला.

हंबीरराव त्याच्याकडं बघत होता. "दाब की," तो म्हणाला. "तुज्या मनात हाय, मला ठावं हाय."

"व्हय, हाय," गुंडा म्हणाला. अंगठा उचलायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं पट्टी बांधली, आणि उद्या परत येतो म्हणून सांगितलं.