परस्थानाची पिशवी

"बारा वाजतां देव निजतो," असं म्हणून मामी पितळेचा पेला उचलायच्या आणि डवऱ्यात उपडा घालायच्या. पेला म्हणजे मदुराई. पेला उपडा म्हणजे मदुराईचं देऊळ बंद, आता चार वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही.

भांडी मांडून प्रवास आखणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी वर्षानुवर्षं पाहिलं. कॉफी गार करायचा पसरट डवरा म्हणजे आमचं कुंभकोणम. कॉफीचा फिल्टर म्हणजे कोडाईकनालचा डोंगर, कारण मामींच्या स्वयंपाकघरात त्याच्याइतकं उंच दुसरं काही नव्हतं. तांब्या म्हणजे रामेश्वर. तांब्यातलं थोडं पाणी त्या बोटांनी फरशीवर सांडायच्या आणि म्हणायच्या, "हें धनुष्कोडी. येथें भूमी सरली." त्या पाण्याकडे त्या जरा जास्त वेळ बघत बसायच्या, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

आम्ही मूळचे विट्याकडचे. आमचे हे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला तमिळमध्ये साधं पाणी मागता येत नव्हतं. हे सकाळी भट्टीवर गेले की मी पायरीवर बसून रडायचे. अशीच रडत असताना समोरच्या दारातून आवाज आला, "कां गो रडतेस?"

मी रडायचीच थांबले. समोर नऊवारीसारखी साडी नेसलेली, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेली, पक्की तमिळ दिसणारी बाई. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"येथल्या."

"पण मूळच्या?"

"येथल्याच गो. तुम्ही लोक काल आलांत. आमचे आले ते मराठे राजाच्या मागें, तीनशें वर्षें झालीं."

आता बोला. मला वाटत होतं, या मुलखात मराठी बोलणारी मी एकटी. आणि ही बाई तर मलाच पाहुणी ठरवून मोकळी झाली. वर म्हणाली, "तुमचें मराठी बिघडलें गो तेथें." माझं मराठी! मी तोंडात बोट घातलं ते घातलंच. त्यांच्या घरात आजीच्या आजीच्या तोंडचं मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की फर्डं तमिळ. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, मीही म्हणू लागले. त्या मला 'विट्याची' म्हणायच्या, शेवटपर्यंत.

महिन्यातून एकदा तरी त्या मला गोविंदपुरमला विठ्ठलाच्या दर्शनाला न्यायच्या. तिथं महाराष्ट्रातली मंडळी गाड्या करून आलेली असायची. मराठी कानावर पडलं की मामींचं दर्शन लांबायचं. सरळ जाऊन विचारायच्या, "आतां कोठें जाणार?" ते बिचारे सांगायचे, मदुराई, मग कोडाई, मग रामेश्वर. "मदुराईस केव्हां पोंचणार?" एक वाजता, असं कुणी म्हणालं की मामी कपाळाला हात लावायच्या. "एक वाजतां? देवाला उठवणार काय?"

मग तिथंच ओट्यावर त्या लोकांच्या पाण्याच्या बाटल्या, केळी, गॉगल, जे हाताला येईल ते मांडून त्यांचा सगळा प्रवास उलटा करून टाकायच्या. चांगली शिकलेली, मोबाईलवर नकाशे असलेली माणसं केळ्याकडे बघत माना हलवायची. मी बाजूला लाजेनं अर्धी व्हायचे.

आणि सगळं बरोबर असायचं असं थोडंच. एकदा एका गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "मामी, तुम्ही सांगता ते रेल्वेचं फाटक कधीच गेलं. आता वरून पूल आहे." मामी म्हणाल्या, "असूं दे. फाटकापाशीं गाडी थांबव. तेथें पेरू चांगले." ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघितलं.

त्या दिवशी परत येताना मी विचारलं, "मामी, तुम्ही त्या रस्त्यानं शेवटच्या कधी गेला होता?"

"गेलें नाही."

"म्हणजे?"

"मी कोठें गेलें नाही गो. मामा जात."

मामा म्हणजे त्यांचे यजमान. मी यायच्या आधीच वारलेले. ते टूरिस्टची व्हॅन चालवायचे. परत आले की जेवताना सगळा रस्ता सांगायचे, कुठं वळण, कुठं पेरू, कुठलं देऊळ कधी बंद. मामी वाढता वाढता ऐकायच्या. व्हॅनमध्ये एखादी जागा रिकामी राहिली की त्यांना न्यायचं ठरायचं, आणि आयत्या वेळी कुणाची तरी आत्या यायची.

इतकी वर्षं मी ज्या बाईला या सगळ्या मुलखाची राणी समजत होते, तिनं समुद्र पाहिला नव्हता. आणि तो इथून काही फार लांब नाही. मला रागच आला. कुणाचा ते कळेना, म्हणून घरी येऊन ह्यांच्यावर काढला. म्हटलं, मे महिन्यात लेकीला सुट्टी आहे, गाडी करा, मामींना घेऊन जायचं. हे भांडायला लागतील म्हणून मी तयारीत होते, तर म्हणाले, "जाऊया की."

मामींना सांगितलं तर त्या उठल्याच. आत जाऊन भांडी घेऊन आल्या. त्या दिवशी सगळी भांडी त्यांनी दोनदा मांडली.

निघायचं ठरलं शुक्रवारी. पण मुहूर्त चांगला होता बुधवारचा. मग मामींनी परस्थान ठेवलं. ही रीत तुमच्यातल्या पुष्कळांच्या आज्यांना ठाऊक असेल, माझ्या आजीलाही होती. निघायच्या दिवशी वेळ चांगली नसेल, तर आधीच चांगल्या वेळी आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं. मग निघताना ते उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. परत आपल्या घरी मात्र न्यायचं नाही. मामींनी एक कापडी पिशवी, वर नारळ आणि हळकुंड, आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात आणून ठेवली. परत जाताना लहान मुलीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "निघालें गो मी."

गुरुवारी त्यांचा मुलगा बंगळूरहून आला, आईला निरोप द्यायला. कंप्युटरमध्ये आहे, गुणाचा आहे, घरात आईशी मराठी बोलतो आणि आमच्याशी तमिळ. भेटायला म्हणून आमच्याकडे आला. मी कॉफी करायला आत गेले. बाहेर येते तर मुलगा नाही, आणि कोपऱ्यात पिशवीही नाही.

मी अनवाणी पळाले. समोर मामींच्या झोपाळ्यावर पिशवी ठेवलेली, आणि मुलगा हसत सांगतोय, "अम्मा, तुझी बॅग तिकडेच विसरली होतीस." मामी पिशवीकडे बघत उभ्या होत्या. चेहरा असा की मला बघवेना. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरें केलेंस. जड होती."

तो अंघोळीला गेल्यावर मी त्यांचा हात धरला. "मामी, चला, परत ठेवू."

"पोरखेळ अहे काय? पिशवी गेली, पिशवी आली. यात्रा झाली."

"अहो पण..."

"त्याला सांगूं नको. आईचें ओझें उचललें, पुण्यच केलें लेकरानें."

मुलाला त्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. शुक्रवारी दारात गाडी उभी, लेक नवा फ्रॉक घालून तयार, आणि मामी आमच्या हातात चिंचेच्या भाताचा डबा देऊन म्हणतात, तुम्ही जाऊन या. मी गाडी परत पाठवली. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी विठ्ठलाशी बोलले नाही. एका पिशवीनं एवढं अडावं? मला तेव्हा त्यांच्या हट्टाचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग आषाढ गेला. त्यात इथं कुणी शुभ काही करत नाही. श्रावण लागल्यावर एका सकाळी मामी पुन्हा पिशवी घेऊन दारात उभ्या. मुहूर्त पाहून आल्या होत्या, परवा निघायचं होतं. पिशवी कोपऱ्यात ठेवली, नारळ वर ठेवला. मी मुद्दाम कॉफी पुढं केली, तर पिऊन झाल्यावर माझीच भांडी मांडून बसल्या. या वेळी फरशीवर पाणी जरा जास्तच सांडलं. उठताना म्हणाल्या, "विट्याची, ही आतां कोणाला देऊं नको."

"नाही देत."

"मी मागितली तरी देऊं नको."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या. रोजच व्हायच्या, देव निजला की आपणही निजायचं, असं त्यांचं होतं. चार वाजता देवळाची घंटा झाली की त्यांचं दार उघडायचं आणि अंगणात पाण्याचा सडा पडायचा. त्या दिवशी घंटा झाली. मी आमच्या दारात उभी होते, लेकीच्या केसांना तेल लावत. दार उघडलं नाही. मी तरी केसच विंचरत राहिले. हाताला कळलं होतं, डोक्यात शिरत नव्हतं. मग हे आणि शेजारचे जाऊन दार ढकलून आत गेले, आणि ह्यांनी बाहेर येऊन माझ्याकडे नुसतं बघितलं.

उद्या निघणारं माणूस आज कसं जातं? मी हे किती जणांना विचारलं. लोक म्हणायचे, भाग्यवान, झोपेत गेली. मला ते ऐकवायचं नाही. भाग्यवान असती तर धनुष्कोडीला जाऊन गेली असती.

मुलगा आला, सगळं यथासांग केलं. तेरावा झाल्यावर भल्या सकाळी घराला कुलूप लावून, किल्ली हातात घेऊन तो आमच्याकडे आला.

"अक्का, अम्माची बॅग तुमच्याकडे आहे ना?"

तो कोपऱ्याकडे वळला आणि मी मधे उभी राहिले. काय करतेय ते मलाच समजत नव्हतं.

"नाही देता येणार," मी म्हटलं.

त्याला वाटलं, त्यालाच चुकीचं कळलं. "माझ्या आईची आहे ती."

"त्यांनीच सांगितलंय. ती घरी परत न्यायची नसते." आणि मी त्याला परस्थान म्हणजे काय ते सांगितलं. मे महिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्या माउलीला तसं कबूल केलं होतं. पण तो काही खुळा नाही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तेव्हा मी..."

"कॉफी घेणार का?" मी विचारलं.

तो पायरीवर बसला. मी जिथं रडत बसायचे तिथंच. मग म्हणाला, "गुडघे दुखतात म्हणाली होती."

मी आत गेले आणि डवरा, पेला, फिल्टर, तांब्या आणून त्याच्यासमोर मांडले. तांब्यातलं पाणी फरशीवर सांडलं, तेवढंच. तो त्या पाण्याकडे बघत राहिला, अगदी आईसारखा.

"आई गेल्यावर वर्षभर देवळात पाऊल ठेवायचं नसतं, अक्का," तो म्हणाला.

"समुद्राला कोण अडवतंय?"

त्याची गाडी समोर त्याच्या दारात उभी होती. चार पावलांचं अंतर. पण तो उठला, गाडी मागे घेत घेत आमच्या दाराला आणून लावली, मग पिशवी उचलली. त्याच्या दाराकडे पाठ करून गाडीपर्यंत गेला. पुढच्या सीटवर पिशवी ठेवून तिला पट्टासुद्धा लावला. आत काय होतं, मला आजही माहीत नाही. आम्ही कुणीच ती उघडली नाही.

दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, मदुराईला आलोय. देऊळ नुकतंच बंद झालं." मराठीत बोलत होता. माझ्याशी पहिल्यांदाच.

"तुम्हाला आत जायचंच नाही ना? मग निघा पुढं, डोंगराला अंधार होईल."

"नाही. चारला उघडेल. तोंवर थांबतों," तो म्हणाला. "अम्मा आंत जाऊन येऊं दे."

मी फोन ठेवला. ओट्यावरचा पेला उचलून डवऱ्यात उपडा घातला. चार वाजता आमच्या देवळाची घंटा झाली, तेव्हा उठून तो सरळ केला.