अकरा चुलींच्या भाकरी

माझं तोंड तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. लग्न होऊन या गावात आले तेव्हा चौथ्याच दिवशी सासू शेजारणीला म्हणाली होती, "ही ऐकून घेनाऱ्यातली न्हाई." पण तिखट तोंडाचं माणूस चुकतं तेव्हा चारचौघांत, मोठ्यानं चुकतं. माझी तसली एक चूक आहे.

बहात्तरचा दुष्काळ होता. वडवणीपासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या साली पेरलेलं उगवलं नाही अन् उगवलेलं टिकलं नाही. तरी वेशीबाहेरच्या एका विहिरीला पाणी होतं अन् शिवारात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे. रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खायच्या, कामावर सुकडी मिळेल ती लेकरांना चारायची अन् येता-जाता आभाळाला शिव्या घालायच्या, असं चाललं होतं.

माघात एका सकाळी विहिरीवरून पाणी घेऊन येताना मारुतीपुढच्या लिंबाखाली माणसं बसलेली दिसली. वर डोंगरातल्या एका वाडीची अकरा घरं. शेरडं-मेंढरं राखणारी, जोडीला कोरडवाहू तुकडे कसणारी माणसं. त्यांची विहीर दिवाळीतच कोरडी पडली. निम्मी जनावरं दगावली, तेव्हा उरलेली पुढं घालून ते खाली उतरले. चार दिवस चालत होते. दोन गावांनी त्यांना वेशीवरूनच लावून दिलं होतं.

त्यांच्यात एक म्हातारी होती. उंच, काटक, पदर कधी ढळायचा नाही. सगळे तिच्या तोंडाकडं बघायचे. तिच्या सुनेला सातवा लागलेला. त्या पोरीचं पहिलं लेकरू असंच जनावरांमागं हिंडताना वाटेत गेलं होतं, हे म्हातारीनं पाणी पिता पिता सांगितलं, रडली वगैरे नाही. म्हणाली, "आमाला दुसरं काई नगं, बाई. हिचं मोकळं हुईस्तवर एका जागी सावली पायजे. मंग जातोत आमी."

मी घागर तिथंच ठेवली अन् घरी आले. आमचे मालक गावच्या सोसायटीचे सचिव होते. सोसायटीच्या गोदामाची किल्ली आमच्या दाराच्या खिळ्याला असायची. मी किल्ली काढली तसे ते म्हणाले, "अगं, चेअरमनला तरी इचारू दे." म्हटलं, विचारा. चेअरमन नात्यानं माझे चुलत सासरे. मालकांमागं मीही त्यांच्या दारी गेले. पदर पुढं ओढला, पण बोलायची थांबले नाही.

"सोसायटीचं गोदाम हाय ते, धर्मशाळा न्हाई," ते म्हणाले. "उद्या वरून तपासणी आली तर जबाब कोन देनार?"

"मामा, गोदामात खताचं एक पोतं तरी हाय का? उंदीर हायेत नुस्ते. ते बी उपाशी. काय तपासनार हायेत?"

मागं बाया पदरात तोंड घालून हसल्या. चेअरमन माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. म्हणाले, सभासदांना विचारल्याशिवाय मी कुलूप उघडणार नाही. मग मारुतीच्या पारावर सभासद गोळा झाले. हात वर झाले. काहींचे खांद्यापर्यंतच आले, पण आले. मालकांनी कुलूप काढलं.

मग मात्र गाव लागलं कामाला. कुणी तवा दिला, कुणी घागर, कुणी दोन जुनी लुगडी. दोऱ्या बांधून त्यावर लुगडी टाकली अन् गोदामाच्या अकरा खोल्या झाल्या. बाहेर पत्र्याच्या आडोशाला तीन तीन दगडांच्या अकरा चुली मांडल्या. दुष्काळी कामावरचा मुकादम त्यांची नावं मस्टरवर घेईना, म्हणाला बाहेरगावची माणसं चालत नाहीत. तर तेच भित्रे चेअरमन साहेबाची जीप येईपर्यंत उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिले अन् नावं लावूनच उठले. घरी आल्यावर त्यांना ताप चढला होता.

कुरकुर होतीच. विहिरीवर एक जण म्हणाली, "आपल्यालाच पानी पुरंना, अन् ही जत्रा कावून आनली?" मी तिला तिथंच धरलं. म्हटलं, "तुझ्या म्हायेरची मानसं असती तर तू काय केलं असतंस गं?" तिनं पोहरा विहिरीत सोडला. खरं सांगते, मला त्यात लई मोठेपणा वाटायला लागला होता. गोदामातली माणसं म्हणजे जशी काही माझीच. कोण आलं की मी त्यांना गोदाम दाखवायला न्यायची.

म्हातारीशी माझं सूत जमलं. मी कधी ताक, कधी डाळीचं पाणी एका पितळी डब्यातून पाठवायची. तो डबा तिनं कधी रिकामा परत केला नाही. कधी मूठभर डिंक असायचा, कधी माझ्या लेकीच्या कमरेला लोकरीचा वळलेला करदोडा. एकदा काहीच नव्हतं वाटतं, तर लिंबाच्या चार काड्या, दात घासायला. मी म्हणायची, "मावशी, कशाला वो? तुमच्याकडंच काय हाय?" ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजली.

चैत्र लागला. हनुमान जयंतीचा सप्ता करायचा का नाही, यावर पारावर दोन दिवस घोळ झाला. शेवटी ठरलं, करायचा. काल्याच्या दिवशी एका चुलाणावर आमटी करायची अन् भाकरी नेहमीसारख्या घरोघरच्या. आमच्याकडं पद्धतच ती. पोरी टोपल्या घेऊन दारोदार जातात, "सप्त्याची भाकर वाढा" म्हणून हाळी देतात, अन् प्रत्येक घर ठरल्याप्रमाणं भाकरी घालतं. त्या साली ठरलं, चुलीमागं पाच. श्रीमंताला पाच, गरिबाला पाच. बायांच्या बाजूचं सगळं माझ्याकडं होतं.

दोन दिवस आधी म्हातारीनं मला विहिरीवर विचारलं, "पोरी भाकरी न्यायला कवा येत्यात?"

"तुमी नका काळजी करू मावशी. तुमी फकस्त जेवायला या."

"बरं," ती म्हणाली. घागर उचलली अन् गेली. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण कळायला कान उघडे लागतात, माझं तोंडच उघडं.

काल्याच्या दिवशी सकाळी पोरी टोपल्या घेऊन पारावर जमल्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "गोदामाकडं जायचं न्हाई गं! त्यांनाच खायला न्हाई, त्यांच्याकडनं काय मागायचं?" बाया म्हणाल्या, बघा, कसं सुचतंय हिला. मी फुगले.

दुपारी पंगती बसल्या. पानावर आमटी पडली. भाकरीचा ढीग बरा होता, घराघरानं लपवून ठेवलेली थोडी पांढरी ज्वारी त्या दिवशी बाहेर निघाली होती. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, गोदामातलं एकही माणूस आलेलं नाही. मला रागच आला. एवढं गाव जेवायला बोलावतंय अन् ह्यांना आवतनाची वाट बघायचीय का? तरातरा निघाले.

गोदामाच्या दारात पाय ठेवला अन् थबकले. लुगड्यांचे आडोसे काढून घड्या घातलेल्या. आम्ही दिलेले तवे, घागरी घासून एका रांगेत मांडलेल्या. गाठोडी बांधलेली, शेरडं सोडलेली. सून एका गाठोड्यावर बसली होती, नववा लागलेला, पाय सुजलेले. अन् म्हातारी दाराशी, पुढं दोन मोठ्या टोपल्या, वर धडपा झाकलेला.

"हे काय मावशी? कुठं निघालात?"

"फुडं."

"हिला घेऊन? ह्या उनात? ध्यान ठिकान्यावर हाय का?"

ती टोपलीवरचा धडपा नीट करत राहिली. माझा तोल गेला. जे बोलू नये ते बोलले. "आमी कमी केलं का तुमच्यासाठी? सगळ्या गावाशी भांडले मी!"

म्हातारीनं धडपा बाजूला केला. खाली भाकरी. मिलोच्या, लाल, एकसारख्या थापलेल्या, कडा न मोडलेल्या.

"तुमी केलं, बाई. न्हाई कोन म्हनतंय. आमी घेतलं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तीन दिस अर्धं खाऊन मिलो राखलं ह्या समद्यांनी. चुलीमागं पाच, आमच्या कानावर आलतं. फाटंपासून बाया थापत बसल्या. पोरी आल्या, त्या भिताडापर्यंत आल्या, अन् माघारी वळल्या. गावानं चुली मोजल्या तवा आमची एक बी मोजली न्हाई. मंग आमी गावात कुठं हाव? भिकाऱ्यावानी किती दिस सावली मागायची?"

सून मान खाली घालून रडत होती. मी वळले अन् पळत घरी गेले.

स्वतःची टोपली घेऊन परत आले. गोदामाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पोरी राहतात तशी. हाळी दिली, "मावशी, सप्त्याची भाकर वाढा!"

कुणी हललं नाही. मी पुन्हा हाळी दिली.

"किती?" म्हातारीनं विचारलं.

अन् बघा माझी अक्कल! सुनेकडं बघून मला पुन्हा दया आली. म्हटलं, "चुलीमागं दोन द्या मावशी. बाकीच्या लेकरांना ऱ्हाऊ द्या."

"गावाला किती?"

"पाच."

"मंग आमाला दोन कावून?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "पाच. चुलीमागं पाच."

तेव्हा ती उठली. अकरा चुलींच्या बाया एकेक करून पुढं आल्या अन् आपापल्या पाच माझ्या टोपलीत घातल्या. माझी एक भरली, मग त्यांची एक. म्हातारीनं सगळ्यात शेवटी घातल्या, अन् वर धडपा झाकून दिला. एक टोपली मी डोक्यावर घेतली, दुसरी तिनं.

मारुतीपुढं पंगत अर्धी जेवून झाली होती. चेअरमन म्हणाले, "आता कशाला? भाकरी पुरून उरल्यात."

"मामा, अकरा घरच्या राहिल्यात. पुरल्या आसल्या तर तुमीच ह्यांना सांगा अन् माघारी लावा."

ते म्हातारीकडं बघत राहिले. कपाळावरचा घाम पुसला. मग वाढप्याला म्हणाले, "ह्या वाढ आता. आधी मला." वाढप्यानं त्यांच्या पानावर लाल भाकर ठेवली. ती मोडून त्यांनी आमटीत कुस्करली अन् खाल्ली. सगळ्यांच्या पानांवर लाल भाकर गेली. मग गोदामातली माणसं आली, रांगेत बसली. मी त्यांना आमटी वाढताना रडत होते अन् बाया म्हणत होत्या, धूर लागला वाटतं हिला.

गाठोडी त्याच दिवशी सुटली. आठवड्यानं सोसायटीच्या गोदामात पोरगी जन्मली. अंगानं बारकी, पण रडणं असं की पारापर्यंत ऐकू गेलं. म्हातारी माझ्या दारात आली. म्हणाली, "पाचवीला ये लेकी. हातात काई आनू नकोस. आमच्या चुलीवरचं जेवून जा." त्या दिवशी रिकाम्या हातानं त्या घरी जाणं मला जेवढं जड गेलं, तेवढं दुसरं काही गेलं नाही. पण गेले. जेवले. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

पुढं मृगात पाऊस झाला अन् ते वर वाडीला परत गेले. जाताना तिनं माझा पितळी डबा दिला. आत मिलोचं मूठभर पीठ होतं. मी "कशाला" म्हटलं नाही.

आता ती नाही. मालकही गेले. पोरगा पुण्याला असतो, मी इथंच एकटी. मला वाटायचं, त्या दिवशी मला सगळं समजलं होतं. कुठलं काय!

गेल्या चैत्रातली गोष्ट. काल्याच्या दिवशी पहाटेच उठून मी पाच भाकरी थापल्या. हात थरथरतात, एक भाकर दोनदा मोडली. दाराआड खुर्ची टाकून बसले. पोरींची हाळी गल्लीत आली, शेजारच्या दारी झाली. मी पदर नीट केला. मग एकीचा आवाज आला, चांगल्या घरची, समजूतदार पोर, "ह्या घरी नको गं. आजी एकटीच हाय, तिला कुठं तरास द्यायचा." अन् पावलं पुढं गेली.

मी बसूनच राहिले. भाकरी मांडीवर. म्हातारी अशीच बसली होती, सकाळपासून दुपारपर्यंत, अन् तरी ती मला एक वावगा शब्द बोलली नव्हती.

मला तेवढं जमणारं नव्हतं. काठी घेतली, गल्लीत आले अन् ओरडले, "ए भवान्यांनो! माझी चूल इझली का गं?"

पोरी दचकून वळल्या. ती समजूतदार पोर पळत माझ्या दारापुढं आली, टोपली धरून उभी राहिली. "आजी, चुकलं. द्या, द्या ना."

"तशी न्हाई," म्हटलं. "आधी हाळी दे."