हारुनभाईंचे अकरा डबे

"अजी, हे डबे भंगारात द्या हो!" सुगराबीचा हा धोशा पंचवीस वर्षं चालू होता आणि हारुनभाई तो ऐकून न ऐकल्यासारखं करत. दोंडाईचाजवळच्या सरकारी तळ्यात त्यांनी चाळीस वर्षं पोरापोरींना पोहायला शिकवलं, तेही फुकट. तेलाचा रिकामा डबा झाळून बंद करायचा आणि शिकणाऱ्याच्या पाठीला बांधायचा. डब्याशिवाय तळं पार केलं, की त्याच डब्यावर खिळ्याने आपलं नाव आणि साल कोरायचं, असा त्यांचा रिवाज. असे नावांनी भरलेले अकरा डबे माळ्यावर जमले होते.

गेल्या उन्हाळ्यात तळं मासेमारीच्या ठेक्यावर गेलं आणि ठेकेदाराने पायऱ्यांनाही तारेचं कुंपण घातलं. सत्तरीच्या हारुनभाईंना घर खायला उठलं. पाण्यात न उतरता सकाळ कशी काढायची, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. सुनावणीत ठेकेदार बेधडक म्हणाला, "तिथे कधी कुणी पोहतच नव्हतं."

"चाचा, काही पुरावा?" तहसीलदार मॅडमनी विचारलं.

पुरावा कुठला? हारुनभाई हात हलवत घरी आले. सुगराबीने सगळं ऐकलं, स्टूल ओढलं आणि डबे खाली काढायला लागली. पुढच्या तारखेला ही बाई तेच डबे दोरीला बांधून, खडखडाट करत कचेरीचा जिना चढली.

मॅडमनी कारकुनाला नावं वाचायला लावली. "वना, १९८६. मेघा, १९९४..." चौथ्या डब्यावर गडी अडकला. त्याचे कान लाल झाले.

"भूषण, २००३. मॅडम, हा मीच. मागच्या तारखेलाच बोलायला हवं होतं, पण भ्यालो."

आठ दिवसांत हुकूम निघाला: ठेका फक्त माशांचा, पायऱ्या आणि त्यापुढचं पाणी लोकांना पोहायला खुलं. तारा निघाल्या त्या सकाळी हारुनभाई पाण्यात उतरले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

सुगराबी काठावर डब्यांपाशी बसली होती. डोळे पुसत त्यांनी चेष्टा केली, "आता देऊ का भंगारात?"

"थांबा." तिने पदर खोचला आणि पायरी उतरली. "आधी एक माझ्या पाठीला बांधा. गावभराची नावं आहेत, माझं कुठंय?"