सोफ्यावर बसलेली आई
तरणतलावातल्या क्लोरीनचा वास आला की मळवलीचा तो बंगला आठवतो. मालक मुंबईला असत. आईवडील बंगला सांभाळत आणि आम्ही मागच्या एका खोलीत राहत असू. पुढच्या शिक्षणासाठी मी गरजू विद्यार्थ्यांच्या फेलोशिपला अर्ज केला होता आणि घरची परिस्थिती पाहायला संस्थेचे एक सर येणार होते. त्यांना आणायला मी स्टेशनवर गेले, पण चुकामूक झाली. परतले तर सर दिवाणखान्यात मालकांच्या कपातून चहा पीत होते, आणि समोरच्या सोफ्यावर आई बसली होती. तो सोफा ती रोज पुसायची. त्यावर कधी बसली नव्हती. मी काही बोलणार तोच तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "गप ऱ्हा. ऐपत बघूनच पैसं देत्यात. मामाची खोली बघून बँकेनं कर्ज दिलं का?" बाहेर येताच सरांनी विचारलं, "बंगला तुमचाच का?" आई माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणाले, "नाही सर. आमची खोली मागे आहे, चला." फेलोशिप मिळाली. आज मात्र आठवतं ते दारातून मागे वळून पाहिलेलं: आई आमच्याबरोबर आली नव्हती, सोफ्याच्या गादीवर उमटलेली आपल्या बसण्याची खूण ती हाताने पुसत होती.