माझा दुखरा खांदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली मला बाळासाहेबांकडे धाडलं असतं. म्हणूनच नसेल सांगितलं.

आम्ही सात-आठ जण रोज सकाळी गोदावरीत पोहायचो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाणी बघायचं काम माझ्याकडे. पूर ओसरून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे पाय मोकळे झाले, की पुढे तीन दिवस कुणी उतरायचं नाही — हा नियमही माझाच. चौथ्या दिवशी काचेच्या बाटलीत पाणी भरून मी ती उन्हाला धरायचो. मी मान हलवली की मंडळी उड्या टाकायची.

त्या पावसाळ्यात चौथ्या दिवशी मी नको म्हणालो. पाचव्या दिवशीही. बाळासाहेब मूळचे सिन्नरचे, टायरचं दुकान चालवणारे, मोकळे गृहस्थ. सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुम्ही लय भिता राव!" सगळे हसले. रोजचीच चेष्टा — मग मला एवढी का झोंबली? दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

सहाव्या दिवशी घाटाकडे येताना, वरच्या अंगाला, गटाराचं चेंबर तुंबून वाहत होतं. काळं पाणी थेट नदीत. मी स्कूटर थांबवून, नाकाला रुमाल लावून ते पाहिलं. नीट पाहिलं. मग घाटावर आलो आणि बाटली भरली.

गाळ बसला होता, पाणी नितळ दिसत होतं. रोगराई बाटलीत दिसते का कधी? मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

बाळासाहेबांनी मुद्दाम विचारलं, "सर, टाच चिरलीय. उतरू ना?"

मी बाटली त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "तुम्हीच बघा की. मी पडलो भित्रा."

ते हसत उतरले. त्यांच्यामागे बाकीचेही. आणि मी? मी पायरीवर बसून राहिलो. खांदा दुखतोय म्हणालो.

आठवड्याने त्यांना ताप भरला. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला — घाण पाण्यातून, जखमेवाटे शिरतो तो. जीव वाचला, मूत्रपिंडं गेली. आता डायलिसिसला मीच त्यांना गाडीतून नेतो. त्यांच्या घरचे मला देवमाणूस म्हणतात, आणि मी ते ऐकून घेतो. रागाच्या भरात झालं असं मला म्हणता येणार नाही. गटारापासून घाटापर्यंत दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात राग निवला होता. ते पाण्यात शिरले तेव्हाही हाक मारता आली असती. मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

सुई टोचून झाली की बाळासाहेब दर खेपेला माझ्याकडे वळून विचारतात, "सर, खांदा कसाय आता?"

मी म्हणतो, बरा आहे.

त्या सकाळी तो दुखत नव्हता.