सतरंजीखालच्या तारा

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला त्या वर्षी आमच्या माधव नगरात कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. कचेऱ्या भोपाळला चाललेल्या. कुणाची बदली कुणी लावली, साहेबाचे कान कुणी भरले, घरोघर हीच कुजबुज. अशात एका सकाळी दिवाणखाना झाडताना मला सतरंजीखाली तारा दिसल्या.

हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, त्यामुळे घरात खटपटी चालतच. पण ही लपवलेली होती. एक काळी रबरी चादर, तिच्यावर तांब्याच्या उभ्या पट्ट्या, खाली आडव्या, आणि तारा ह्यांच्या कुलूपबंद कपाटात गेलेल्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिवसभर घरी मी आणि सासरे. कोण येतं-जातं ते हे बघताहेत की काय? मी सतरंजीच्या कडेकडेने चालू लागले. शेवटी राहवेना.

"अहो, खरं सांगा, पहारा कुणावर आहे? माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? बाबांवर."

मामंजींना साखरेचा आजार होता. तळपाय बधिर झालेले, जखम झाली तरी कळत नसे, आणि पाय ते कुणाला दाखवत नसत. पेपर मात्र रोज खिडकीशी, त्याच सतरंजीवर उभं राहून वाचत. जास्त भार पडेल तिथेच जखम होते, म्हणून तो नेमका कुठे पडतो ते ह्यांना हवं होतं. आधी सुटी बटणं बसवली होती; दोन बटणांमध्ये पाऊल पडलं की काहीच कळेना. म्हणून काजळी मिसळलेलं सलग रबर. कुठेही दाबलं की तिथल्या पट्ट्यांमधून वीज जास्त वाहे, कपाटातल्या मीटरचा काटा हले.

"उभी राहा," म्हणाले. मग कपाट उघडून मीटरच्या चाव्या फिरवत, "डाव्या टाचेवर जोर देतेस तू."

मला ते आवडलं नाही. आणखी काय काय कळत असेल?

"बाबांना सांगा. असं चोरून नको."

ह्यांनी सांगितलं, तर मामंजी भडकले. "माझ्याच घरात माझी जासुसी?" कितीतरी दिवस पेपर सतरंजी सोडून बाहेर ओट्यावर वाचला. मग एकदा आपणहून अनवाणी येऊन उभे राहिले. "बघा, काय बघायचं ते."

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी काटा उसळला; पाय उचलून पाहिला, तर तिथेच जखम. देवास गेटच्या मोच्याने तेवढ्या जागी मऊ खळगा ठेवून चपला केल्या. जखम हळूहळू भरली.

मामंजी पुन्हा एकटे फिरायला जाऊ लागले. कुठे चाललो, हे मात्र शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.