रुद्रेश आणि गावची डीपी

विहिरीत उडी मारण्याआधी पाणी किती आहे ते बघत नाही. चालत्या एसटीतून उतरतो. गोळ्या अर्ध्यावर सोडतो. कुणी 'जपून' म्हटलं की हसतो. "काही होत न्हाई रे."

लातूरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासून रुद्रेश असाच. त्याच्या सोबतीत मलाही भ्यायची लाज वाटू लागली. शिरूर अनंतपाळजवळच्या त्याच्या गावात तर ती सगळ्यांनाच वाटते.

डीपीतला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूज उडाला की लाईनमनची वाट कुणी बघत नसे. रुद्रेश जायचा. वीज बंद न करताच पेटीत हात घालायचा, नवी तार बसवायचा. माणसं कौतुकानं बघत उभी राहायची.

गेल्या आठवड्यात तो पाहुण्यांकडे उदगीरला गेला होता. फ्यूज उडाला. शेजारच्या व्यंकटीनं हात घातला. रुद्रेशसारखाच, हसत. आता तो नांदेडला दवाखान्यात आहे. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

काल मी त्याच्या गावी गेलो. रुद्रेश ओट्यावर बसला होता. तेवढ्यात व्यंकटीचा धाकटा भाऊ दयानंद आला.

"अण्णा, चल. फ्यूज परत उडालाय. मोटार बंद, ऊस वाळायलाय."

"लाईनमनला फोन लाव."

"लावला. उद्या येतो म्हणला."

"मग उद्या."

"भ्यालास का काय? ऱ्हाऊ दे. मी घालतो हात."

"दया, तुझा भाऊ तिकडं..."

"त्याला जमलं न्हाई. मला जमतंय. तुझं बघूनच शिकलो की. काही होत न्हाई."

अगदी रुद्रेशचाच आवाज. मी रुद्रेशकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो उठला आणि दयानंदच्या पुढे चालू लागला.

डीपीपाशी माणसं जमली होती. "आला, आला!" रुद्रेशनं पेटी उघडली, जळका फ्यूज बाहेर ओढला. तारेचा एक वेढा घातला. दुसरा घालताना दयानंद त्याच्या हातांकडे निरखून बघताना दिसला. त्यानं फ्यूज खाली ठेवला, पेटी लावली आणि तिला पाठ टेकून उभा राहिला.

"अण्णा, हट."

"न्हाई हटत. मला भ्या वाटायलंय."

"बांगड्या भर मग!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

रुद्रेश हलला नाही. अंधार पडला तरी तिथंच होता. पायाशी फ्यूज पडलेला. एका वेढ्याची तार तशीच लोंबत होती.